इथे नदी नाही

१२ मार्च, दुपारी

ताई,

इथे नदी नाही.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. मग वाटलं, तू म्हणशील, हिने नीट पाहिलं नसेल, हिला लहानपणापासून नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून रीतसर सांगते.

सकाळच्या गाडीने उतरले. स्टेशनाबाहेर येऊन उताराच्या दिशेने चालू लागले, कारण "उतार धरला की पाणी लागतंच" हे तुझं वाक्य माझ्या पुस्तकात जसंच्या तसं आहे. उतार होता. तो जिथे संपला तिथे टायरचं दुकान होतं. दुकानामागे शाळेची भिंत, भिंतीमागे शेतं आणि त्यापुढे माझा चष्मा पोचेल तिथवर कोरडी जमीन.

टायरवाल्याला विचारलं, नदी कुठे आहे? तो म्हणाला, कोणती? मी म्हटलं, इथली. यावर त्याने आतून स्टूल आणलं, मला बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. उन्हाने डोकं फिरलेल्या बाईशी माणसं जितकी चांगली वागतात, तितका तो चांगला वागला.

तेव्हापासून या खोलीत बसले आहे. लोखंडी खाट आहे, आरसा आहे, आरशाच्या चौकटीत आधीच्या कुणा पाहुण्याने खोचून ठेवलेला कंगवा आहे. लॉजची मालकीण जाडजूड आणि बोलकी. जेवण वाढताना तिला मी पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांबद्दल विचारलं, नाव चालवणाऱ्या बाईबद्दल विचारलं. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी लोक बघायला जमतात. नदी असती तर तिकीट लावलं असतं." शेजारच्या टेबलावरचे फिरते विक्रेते हसले. मीही हसले. 

तू म्हणशील, ही तिथे मुळात गेलीच कशाला. आता तुझा फोन येत नाही, म्हणून कागदावर सांगते. प्रकाशकांना मुखपृष्ठासाठी त्या पायऱ्यांचा फोटो हवा होता. ह्यांनी आपला कॅमेरा दिला, रीळ घालायला शिकवलं, आणि माहेर, सासर आणि इस्पितळ या तीन मुक्कामांपलीकडे जिने कधी तिकीट काढलं नाही, ती मी या वयात एकटी गाडीत चढले. डब्यात इतकी खूश होते की समोरच्या बाईंना सांगून टाकलं, माझं पुस्तक येतंय म्हणून. त्यांनी विचारलं, स्वयंपाकाचं का? मी म्हटलं, नाही, प्रवासाचं.

कोणत्या प्रवासाचं, ताई?

दर रविवारी सकाळी तुझा फोन यायचा. तू जहाजावर चादरी-टॉवेलांच्या कोठीत कामाला, जहाज बंदरात लागलं की सुट्टी काढून आत आत फिरणारी. मी जिन्याखालच्या फोनपाशी उभी, हातात पेन्सिल, तुझा शब्दन् शब्द टिपणारी, म्हणून तुझी टिपकागद. आपल्या बोर्डिंगात भूगोलाच्या सिस्टर बोटाने नकाशावर प्रवास करायला लावायच्या आणि मग तीन प्रश्न विचारायच्या, तेच मी तुला विचारायचे. पायाखाली काय होतं? वास कसला होता? कोण काय बोललं? ज्या मुलीला उत्तर देता यायचं नाही, तिला सिस्टर म्हणायच्या, "तू अजून पोचली नाहीस." तू दर वेळी पोचलेली असायचीस. सोमवारी इस्त्री आटोपली की त्याच टेबलावर, ते गरम असतानाच, मी लिहायला बसायचे. पलीकडच्या खोलीतून अंथरुणावरच्या सासूबाईंची घंटा वाजली की उठायचे. घंटा थांबली की परत. मासिकांनी "साभार परत"च्या चिठ्ठ्या इतक्या पाठवल्या की हे म्हणायचे, टपाल खात्यावर तुझे मोठे उपकार आहेत. आणि शेवटी या प्रकाशकांनी घेतलं. मुखपृष्ठावर ते छापणार आहेत, "एका प्रवासिनीने पाहिलेलं खरंखुरं जग", आणि आत पहिल्याच पानावर, "पाहिलं ताईने, लिहिलं मी".

हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "छापू नकोस." मी का विचारलं, तर म्हणालीस, "ते माझं आहे." मी म्हटलं, इतकी वर्षं मला ऐकवताना नव्हतं का तुझं? तू फोन ठेवलास. तेव्हापासून रविवार नुसते येतात आणि जातात. मला वाटलं, तुला माझा हेवा वाटला. ज्या ताईने बोर्डिंगात स्वतःच्या वाट्याची बिस्किटं मला दिली, तिच्याबद्दल मी असं मनात आणलं. तेव्हा आपला अबोला झाला की तू माझ्या उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवायचीस. गाठ म्हणजे, राग आहेच, पण तू बोल, मी ऐकते. फोनला गाठ मारता येत नाही.

नावेचं प्रकरण प्रकाशकांना सगळ्यांत आवडलं. पुरुषी कोट घातलेली ती नावाडीण, कोटाची सगळी बटणं काळी आणि एक लाल, शीळ घालणाऱ्याला नावेत न घेणारी. मध्यावर आल्यावर ती तुला विचारते, "पलीकडे कोण आहे तुझं?" तू म्हणतेस, कुणी नाही. ती म्हणते, "मग घाई कसली?" आणि वल्ही वर काढून बसते. तिथे तू थांबलीस. बाकीचं पुढच्या रविवारी म्हणालीस आणि पुढच्या रविवारी भलत्याच गावचं काहीतरी सांगितलंस. मीही प्रकरण तिथेच संपवलं. प्रकाशक म्हणाले, काय शेवट केलाय, मानलं.

त्या लाल बटणाचा दोरा पांढरा होता, हेसुद्धा तू सांगितलं होतंस.

याच नावाचं दुसरं गाव असणार. नक्कीच असणार. उद्या स्टेशनमास्तरांना विचारते.

तुझी
टिपकागद


१३ मार्च, सकाळी

ताई,

दुसरं गाव नाही.

स्टेशनमास्तर म्हातारे, नोकरी संपायला आलेले. त्यांनी कपाटावरून रेल्वेची जाड यादी काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि सांगितलं की या नावाचं गाव एकच, आणि त्या गावात आपण दोघं उभे आहोत. मी त्यांना म्हटलं, नकाशात नदी आहे हो. आपल्या शाळेच्या नकाशात आहे, ताई. या गावाचा मोहरीएवढा ठिपका आणि त्याला खेटून जाणारी निळी रेघ. मी तो नकाशा अजून जपला आहे. तुझं प्रत्येक गाव त्यात शोधून पेन्सिलने टिंब द्यायचे.

मास्तरांना हसू आवरेना. म्हणाले, "तो कालवा. खणायचा ठरला होता. नकाशावाल्यांना फार घाई, त्यांनी आधीच काढून टाकला. पुढे सरकारचं मन बदललं, पण छापलेली पुस्तकं कोण परत बोलावतो?" ते लहान होते तेव्हा गावात म्हणे होड्या विकायला एक माणूस आला होता, तोही नकाशा बघूनच.

मी बाकावर बसले. ताई, त्या क्षणी मला काय झालं ते सांगता येत नाही. कुणी थोबाडीत मारली तर आधी आवाज ऐकू येतो, दुखतं नंतर. तसं झालं. जी नदी फक्त आपल्या शाळेच्या नकाशात आहे, तीच नदी तू ओलांडलीस. म्हणजे तू इथे आली नव्हतीस. तू त्याच नकाशात बघत बसली होतीस, ज्यात मी बघत होते. फोनच्या एका टोकाला तुझं बोट, दुसऱ्या टोकाला माझं.

ह्यांना फोन केला. हे म्हणाले, नदी नाही म्हणजे काय, गेली कुठे? मी म्हटलं, ती नव्हतीच. हे म्हणाले, मग टायरच्या दुकानाचा फोटो काढ आणि ये परत, माझा निळा शर्ट सापडत नाही. निळा शर्ट दाराच्या मागे आहे हे सांगून मी फोन ठेवला. त्या माणसाने धक्क्याचं रूपांतर नेहमी शर्टात केलं आहे. म्हणून तर टिकलो.

मग मी एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत करायचं सुचलं नव्हतं. तुझ्या जहाज कंपनीला फोन केला. तू कोणत्या जहाजावर आहेस, ते कधी परतेल, एवढंच विचारायचं होतं. एका पोरीने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने एका जुन्या हेडक्लार्कना. तुझं वर्णन केल्यावर ते म्हणाले, "त्या होय? गोष्टी सांगणाऱ्या? अहो, त्यांनी दोनच सफरी केल्या."

मी म्हटलं, दोन?

दोनच. दुसऱ्या सफरीत तुझ्या कानात काहीतरी बिघडलं, तोल जाऊ लागला, जिन्यावरून पडलीस. डॉक्टरांनी लिहून दिलं की समुद्रावर पाठवू नये. नंतर तू त्या हॉटेलात लागलीस, जिथे कंपनीची माणसं उतरतात. "अजून तिथेच आहेत की. चादरींच्या कोठीवर. आपण कोण?"

मी म्हटलं, ओळखीची.

ताई, त्या हॉटेलाचा पत्ता मला तोंडपाठ आहे. मी तुला पत्रं त्याच पत्त्यावर पाठवत आले. कालचंही तिथेच टाकलं. तू म्हणायचीस, जहाज कुठेही असो, ते लोक पत्रं सांभाळून ठेवतात.

मग त्यांनी तू पडलीस ते साल सांगितलं. ते साल मला विसरता येणार नाही. त्या वर्षी शेजारणीकडून आणलेला पाळणा आम्ही परत केला. बाळ इस्पितळातून घरी आलंच नाही. सगळे मला समजावत होते, रड, मोकळी हो, आणि रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, माझं काही विचारू नकोस. तू कुठे आहेस ते सांग. पायाखाली काय आहे?

तू बराच वेळ बोलली नाहीस. मला वाटलं, लाइन खराब आहे. मग म्हणालीस, "वाळू. बारीक, ओली वाळू. नदीची."

म्हणजे तू तेव्हा इस्पितळात होतीस का? कुठे होतीस? कानाला फोन लावता येत होता का तुला?

मी रागावले आहे, असं लिहायला घेतलं होतं. रागावलेच आहे. माझं पुस्तक त्या वाळूपासून सुरू होतं, म्हणजे त्यातलं एकही गाव तू पाहिलेलं नाहीस. प्रकाशक ते "खरंखुरं" म्हणून छापतील, पहिल्या महिन्यात इथला कुणी टायरवाला ते वाचेल, आणि आपण दोघी जगाला खोटारड्या ठरू. त्यात तुझं नाव आधी असेल. मोठी तू आहेस.

दुपारची गाडी तुझ्या बंदराला जाते. घरची गाडी संध्याकाळी आहे. तिकीट खिडकीपाशी उभी राहून हे लिहिते आहे आणि मागचा माणूस खाकरतो आहे.


१५ मार्च, संध्याकाळी

ताई,

मी तुझ्या डोक्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूची खोली.

काउंटरवर तुझं नाव काढायचा धीर झाला नाही. किल्ली घेताना मागच्या लाकडी खणांत माझी दोन्ही पाकिटं दिसली, माझ्या अक्षरातली, तू अजून न उचललेली. स्वतःचीच पत्रं पाहून मी चोरासारखी मान फिरवली.

थोड्या वेळाने खोली आवरायला एक तरणीताठी बाई आली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलण्यात आगगाडी. पलंगाची चादर ताणता ताणता माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, राग मानू नका, पण तुम्ही हसलात की नाक अगदी आमच्या कोठीवाल्या ताईंसारखं होतं. मी विचारलं, कोण या ताई? तेवढं तिला पुरेसं होतं. तळघरात चादरींची कोठी, तिथल्या मुख्य. कडक, पण जीव लावणाऱ्या. "आणि त्यांची धाकटी बहीण लेखिका आहे, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, हो का? काय लिहितात?

ताई, मी तुला तिचे शब्द जसेच्या तसे देते. टिपकागदाला दुसरं काय येतं?

"जग फिरतात त्या. एकट्या. आज इथे, उद्या तिथे. आणि रविवारी फोन करून ताईंना सगळं सांगतात. सोमवारी चादरींच्या घड्या घालताना ताई आम्हाला सांगतात. आमचा सोमवार कधी संपतो, कळत नाही."

मी खुर्चीत बसले.

ती सांगतच होती. लेखिकाबाईंचं टेबल म्हणे खिडकीला लावलेलं, एवढं मोठं की त्यावर माणूस झोपेल. लिहायला बसल्या की दार बंद. घरातलं कुणी ठोठावत नाही. नवरा चहा आणून ठेवतो आणि पावलं न वाजवता निघून जातो. ताई, ह्यांची पावलं! हे घरात चालले की फळीवरच्या कपबशा बोलायला लागतात. मी तुला इस्त्रीचं टेबल सांगितलं होतं, सासूबाईंची घंटा सांगितली होती, सगळं खरं सांगितलं होतं. त्यातलं तू काहीच ठेवलं नाहीस.

मला राहवलं नाही. मी विचारलं, त्या खोलीत पायाखाली काय आहे?

ती क्षणभरही थांबली नाही. "हिरवा गालिचा. एक कोपरा कुत्र्याच्या पिल्लाने कुरतडलेला."

तू तिथेही पोचली होतीस. माझ्या घरात, माझ्या खोलीत, जी मला कधी मिळाली नाही, तिथे गालिचा घालून ठेवला होतास.

मग ती नावेच्या गोष्टीवर आली. ती गोष्ट या हॉटेलात म्हणे सगळ्यांना पाठ आहे, स्वयंपाकघरातल्यांनासुद्धा. नवीन पोरगी कामाला लागली की तिला आधी ती ऐकवतात. नावाडीण, कोट, लाल बटण, पांढरा दोरा. वल्ही वर काढते तिथपर्यंत आल्यावर ती गप्प झाली. मी विचारलं, "पुढे? पलीकडे काय होतं?"

"तेच तर," ती म्हणाली. "आम्ही ताईंच्या किती मागे लागतो. त्या म्हणतात, मला काय माहीत? बहिणीने अजून सांगितलं नाही."

ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, नाव मध्ये उभी आहे कारण तू सांगायची राहिलीस. तू मात्र सगळ्यांना सांगत होतीस की मी सांगायची राहिले आहे.

मग मी खाली आले होते, ताई. तळघराच्या दाराला गोल काच आहे, तिच्यातून तुला पाहिलं. तू आणि एक मुलगी चादर धरून समोरासमोर चालत येत होतात, टोकाला टोक, मग मागे, मग पुन्हा जवळ. तुझे केस पांढरे झालेत, तू ते सांगितलं नव्हतंस. चादर खाली ठेवली की तुझा एक हात लगेच टेबलाच्या कडेवर जातो. तो हात तिथून हलत नाही. वर बघायचं झालं तर तू मान उचलत नाहीस, सगळं अंग सावकाश वळवतेस. जमीन हलते ना गं अजून?

जहाजातून उतरल्यावरही तुझं जहाज थांबलं नाही, आणि मी तुला दर रविवारी विचारत होते, पायाखाली काय आहे.

मला दार ढकलता आलं नाही. एक मुलगी काहीतरी म्हणाली, तू हसलीस, तुझं नाक माझ्यासारखं झालं, आणि मी जिना चढून परत आले. त्यांच्यासमोर मी कोण म्हणून उभी राहणार होते? जग फिरणारी बहीण? माझ्या बॅगेत फक्त दोन साड्या, ह्यांचा कॅमेरा आणि टायरच्या दुकानाचा एक फोटो आहे.


१६ मार्च, सकाळी

ताई,

आज सकाळी प्रकाशकांना खालच्या काउंटरवरून फोन केला. खणात माझी दोन्ही पत्रं नव्हती.

त्यांना सांगितलं, नदी नाही. म्हणाले, आटली असेल, उन्हाळा लागलाय. मी म्हटलं, ती कधीच नव्हती, गावंही कुणी पाहिलेली नाहीत, हे सगळं माझ्या बहिणीने एका तळघरात बसून रचलं आहे. मग त्यांनी एक खुर्ची सरकवली, बहुतेक बसले. म्हणाले, "बाई, मग हे प्रवासवर्णन नाही." मी म्हटलं, नाही. "मग तुम्ही लेखिका नाही." मी म्हटलं, अर्धीसुद्धा नाही बहुतेक. मी प्रश्न विचारले.

ते रागावले, मग थोडे निवळले. चांगला माणूस आहे. शेवटी म्हणाले, खोटं ते खरं म्हणून मी छापणार नाही. गोष्टींचं पुस्तक म्हणून विचार करीन, पण तुमच्या बहिणीचं नाव आधी घालावं लागेल आणि त्यांची संमती लागेल. आणि नावेच्या प्रकरणाला शेवट लागेल. प्रवासात माणूस मध्येच थांबला तर चालतं, गोष्टीत चालत नाही. तुझी संमती नसेल तर पुस्तक निघणार नाही. मी त्यांना तसा शब्द दिला आहे. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मी तुझ्या हातात ठेवते आहे, आणि तू पुन्हा "छापू नकोस" म्हणालीस तर मी ह्यांच्या शर्टांना इस्त्री करायला परत जाईन. यात धमकी नाही. शर्टांना इस्त्री मी चांगली करते.

"छापू नकोस" याचा अर्थ मला त्या टायरच्या दुकानापाशी कळायला हवा होता. लोक मला खोटारडी म्हणतील याला तू भीत होतीस. स्वतःचं काही नव्हतंच त्यात. "ते माझं आहे" म्हणालीस, तेही खरंच होतं, फक्त मला ते दुसऱ्याच अर्थाने कळलं.

धक्का अजून ओसरलेला नाही. ज्या बाजारातल्या मोसंब्यांचा वास मी सोमवारभर नाकात घेऊन फिरले, ती मोसंबी नव्हती. जी म्हातारी तुला "सावकाश जा गं" म्हणाली आणि जिच्यासाठी मी सिंकपाशी उभी राहून रडले, ती कुणीच नव्हती. पण पाळणा परत केला त्या वर्षी मी जिवंत राहिले ते त्या वाळूवर. ती वाळू खरी नव्हती हे आता कुणी मला सांगितलं तरी माझ्या पायांना पटणार नाही.

मघाशी किल्ल्यांवाली आली, आज तिची आगगाडी यार्डात. एक शब्द न बोलता पलंगावर नवा अभ्रा ठेवून गेली, जुना न्यायलासुद्धा विसरली. अभ्रा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, घडीवर घडी. मी तो उलगडला.

कोपऱ्याला गाठ आहे.

मी ती सोडलेली नाही. हे पत्र, कालच्या न टाकलेल्या पत्रासह, त्याच अभ्र्यात घालून, मळलेल्या कपड्यांबरोबर खाली पाठवते आहे. तू कोठीत सगळ्यांसमोर ते उघडशील, मला माहीत आहे. तुला धीर कधीच धरवला नाही. तर मग मोठ्याने वाच. आज सोमवार नाही, पण त्या पोरींनी किती वर्षं वाट पाहिली आहे.

मुलींनो, मी तुमच्या ताईंची धाकटी बहीण. पलीकडचं सांगायचं राहिलं होतं.

नावाडीण वल्ही वर काढून बसली. पाणी नावेला हळूहळू ढकलत राहिलं. तिने पुन्हा विचारलं, "पलीकडे कोण आहे तुझं?" या खेपेला मी विचार करून सांगितलं. ती म्हणाली, "आधी नाही का सांगायचं?" आणि तिने वल्ही पाण्यात घातली.

पायाखाली काय होतं? ओली फरशी, निसरडी, म्हणून भिंत धरून चालावं लागलं. वास कसला होता? गरम इस्त्रीचा आणि खळीचा. काठावर पांढरंच पांढरं होतं, दोऱ्यांवर, टेबलांवर, बायकांच्या हातांत, आणि त्यांच्या मधोमध एक बाई उभी होती, एक हात टेबलाच्या कडेला घट्ट धरून, जणू तिच्याच पायाखालून नाव निघाली होती.

कोण काय बोललं, ते मला अजून माहीत नाही. ताई, तेवढं तू सांग. मी दाराच्या गोल काचेपाशी उभी आहे.

तुझी
टिपकागद